सीट कव्हर बसवायला गाडी दिली आणि हेडरेस्टच बदलून मिळाले (सांगलीकरांनो, वाचा जरा)

सांगलीत किंवा आसपास कुणी गाडीला नवीन सीट कव्हर घालायच्या विचारात असेल तर आधी हे वाचा. दुकानाचं नाव घेत नाही, पण ही करामत एकाच दुकानात चालत असेल असं मला वाटत नाही. कव्हर, इन्फोटेनमेंट, मॅट या सगळ्यात आपण घासाघीस करतो, पण हेडरेस्टकडं, म्हणजे सीटच्या वर डोक्यामागं असते त्या उशीकडं, कुणाचं लक्ष जात नाही आणि नेमकं तिथंच हात मारतात.

झालं असं की विश्रामबाग साईडला एका ॲक्सेसरीजच्या दुकानात कव्हर ठरवले, साडेसात हजारात पाच सीट, हेडरेस्टचे कव्हर त्यातच. मालक म्हणला, "सर, तीन तास लागतात, तुम्ही थांबून काय करणार, कामं उरकून या की." सगळेच तसं करतात, मीही ऑफिसला गेलो. दुपारी फोन आला, "सर, तुमच्या हेडरेस्टचे लॉक जाम झालेत, निघंनात, जोर लावला तर सीटच फाटंल, लॉक नवीन टाकायला लागतील, चोवीसशे होतील." गाडी उघडून ठेवलेली, सीट अर्धे सोललेले, अशा वेळी माणूस काय बोलणार, म्हटलं करा.

संध्याकाळी गाडी घेतली, कव्हर खरंच झकास दिसत होते, शिलाई वगैरे नीट. पण डाव्या सीटचा हेडरेस्ट वर ओढून सोडला की आपोआप खाली बसायचा. तसं बोललो तर मालकानं जे उत्तर दिलं ते ऐका. "सर, लॉक मुद्दाम लूज ठेवलाय, आपल्याकडं पूर येतो, गाडीत पाणी शिरलं तर हेडरेस्ट पटकन काढून रॉडनं काच फोडता यावी म्हणून." आता सांगलीत पुराचं नाव काढलं की माणूस गप्प होतो, २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं सगळ्यांनी बघितलंय, २०२१ ला परत मोठा पूर, त्यामुळं वाक्य बरोबर जागी लागतं. पण हे व्हॉट्सॲपवरनं फिरणारं ज्ञान आहे. हेडरेस्टचे रॉड काच फोडायला दिलेले नसतात, ते उंची कमीजास्त करायला असतात. बाजूची काच कोपऱ्यात टोकदार काहीतरी बसवून फुटू शकते हे खरं, पण पुढची काच दोन थरांची असते, मध्ये प्लॅस्टिकचा पडदा असतो, तिला तडे जातात पण ती मोकळी होऊन पडत नाही. ज्याला पुराची एवढी काळजी आहे त्यानं काच फोडायची छोटी हातोडी घेऊन गाडीत ठेवावी, लॉक कशाला लूज करायचा?

खरा प्रकार उघडा पडला तो आक्का पुण्याहून आली तेव्हा. भाची चार वर्षांची, तिची चाईल्ड सीट मागच्या सीटवर बसवायची होती, आणि पुढं तोंड करून बसवायच्या बऱ्याच चाईल्ड सीटना मागचा हेडरेस्ट काढावा लागतो, नाहीतर तिची पाठ गाडीच्या सीटला नीट टेकत नाही, मध्ये पोकळी राहते. आक्का म्हणाली, "दादा, तेवढा काढ रे." बटण दाबून ओढला तर रॉड कर्रकर्र करत वर आला आणि खालच्या बोटभर भागावर लाल गंज. वर चकचकीत, खाली गंज. फोमच्या खालच्या शिवणीत वाळलेला चिखल बसलेला, बारीक, राखाडी, नखानं खरवडला तर भुकटी पडली, आणि वास ओल्या पोत्यासारखा.

मग नवीन कव्हरची चेन उघडली. आत कापड बेज रंगाचं! माझ्या गाडीचं आतलं कापड काळं, लाल दोऱ्याचं. दुसरा काढला, तोही बेज. पुढचा डावा काढला, त्याच्या रॉडला खाचा दोनच आणि ड्रायव्हरच्या रॉडला चार, म्हणून तो लॉकमध्ये धरत नव्हता. ड्रायव्हरच्या बाजूचा मात्र ओरिजनल ठेवलेला, कारण तिथं मी रोज बसणार हे त्या पठ्ठ्याला बरोबर माहीत. बाकी तिन्ही कुठल्या तरी पुरात बुडालेल्या गाडीचे माझ्या माथी मारले आणि माझे चांगले कुणाला तरी विकले असणार. कव्हर घातल्यावर बघतंय कोण!

आणि ते चोवीसशेचे लॉक? ओळखीच्या मेकॅनिकला दाखवलं, तो हसायलाच लागला. सीटच्या वर जिथं रॉड आत जातो तिथं दोन प्लॅस्टिकच्या नळ्या असतात, एकीला बटण असतं, तीच लॉकची. चारही हेडरेस्टच्या नळ्या कंपनीच्याच होत्या, एकही बदललेली नाही, नवीन असती तर त्यावर खरचटल्याच्या खुणा नसत्या. "दादा, ह्यात जाम व्हायसारखं काय न्हाय, काढायला दोन मिनिटं लागत्यात," म्हणला आणि माझ्यासमोर करून दाखवलं.

ते कसं असतं ते सगळ्यांना माहीत पाहिजे, म्हणजे जाम झालं असं कुणी सांगितलं की आपल्यालाच तपासता येतं. बटण दाबून धरायचं आणि दोन्ही हातांनी सरळ वर ओढायचं, वाकडं ओढलं की अडकतं. शेवटच्या खाचेत अडकल्यावर परत बटण दाबलं की बाहेर. काही गाड्यांत दुसऱ्या बाजूच्या नळीलाही लपलेला लॉक असतो, तिथं बारीक भोक दिसतं, पिन किंवा कागदाची क्लिप घालून दाबावं लागतं, हे माहीत नसलं की माणसाला जाम वाटतं. मागच्या सीटचा हेडरेस्ट वर छताला लागत असेल तर सीटची पाठ जरा पुढं पाडायची. परत घालताना खाचा असलेला रॉड बटणाच्या बाजूला, फुगीर बाजू पुढं, आणि टक्क आवाज येईपर्यंत खाली दाबायचं. मग बटण न दाबता वर ओढून बघा, लॉक धरत असेल तर पूर्ण बाहेर निघत नाही. गाडीनिहाय थोडा फरक असतो, गाडीसोबत आलेल्या पुस्तकात चित्रासकट दिलेलं असतं.

कुणी म्हणेल एवढ्याशा उशीसाठी एवढं काय. अहो, ती डोकं टेकून झोपायची उशी नव्हे. मागनं गाडी ठोकली की सीट आपलं अंग पुढं ढकलतं आणि डोकं मागंच राहतं, मान मागं मोडल्यासारखी होते, तो झटका हेडरेस्ट अडवतो. म्हणून त्याचं वरचं टोक डोक्याच्या उंचीला पाहिजे, निदान कानाच्या वर तरी, आणि डोक्यामागं अंतर कमीत कमी. खाली सरकणारा हेडरेस्ट मानेच्या मागं येतो, डोक्याच्या नाही. आणि आपल्याकडं ऊस तोडणीच्या हंगामात मागं लाईट नसलेल्या ट्रॉल्या, अचानक ब्रेक, मागनं येणारा ट्रक, हे रोजचंच आहे, त्यामुळं मला तरी हे चोरीपेक्षा जास्त लागलं.

दुकानात गेलो, बेज कापड दाखवलं. मालक म्हणतो, "कंपनीतनंच तसं आलं असंल सर." मोबाईलमध्ये शोरूममधनं गाडी घेतली त्या दिवसाचे फोटो होते, हार घातलेली गाडी, आत हेडरेस्टवर प्लॅस्टिक आणि त्यातनं दिसणारं काळं कापड, लाल दोरा. ते बघितल्यावर "पोरानं काम केलंय, मी नव्हतो" वर गाडी आली. पोरगा म्हणे सोडून गेला.

मी तिथं आरडाओरडा केला नाही. १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आणि मालकाला लेखी पत्र दिलं की ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणं जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते. चोवीसशेचं बिल माझ्याकडं होतं, ते पक्कं मागून घेतलं होतं म्हणून उपयोग झाला, मालक तेव्हाच "बिल कशाला सर, टॅक्स वाढतो" म्हणत होता. पत्र मिळाल्यावर चोवीसशे गुपचूप परत आले. हेडरेस्टचं मात्र अजून तोंड वर करून नाही म्हणतोय, त्याची तक्रार चालू आहे.

तुम्ही गाडी देणार असाल तर आधी चारही हेडरेस्ट स्वतः काढून रॉड आणि खालच्या कापडाचा फोटो काढा, आणि कव्हर घातल्यावर गाडी घेताना चेन उघडून परत बघा, लाजायचं काही नाही. नवीन पार्ट टाकला म्हणाले की जुना हातात मागा. सीटच्या बाजूला एअरबॅगचं लेबल असेल तर त्या बाजूची शिलाई बंद केलेलं कव्हर अजिबात घालून घेऊ नका, एअरबॅग तिथनंच फुटून बाहेर येते आणि कव्हर तिला अडवतं, हेही दुकानवाले आपणहून सांगत नाहीत.

सध्या पुढचा डावा शोरूमच्या पार्ट काउंटरवरनं नवीन आणून घातलाय, मागचे दोन ऑर्डर केलेत, यायचेत. तोवर आई मागं बसायला मागते, तिला पुढं बसवतो.