पत्र्याचे छप्पर : मालासह ठेका की नुसती मजुरी?

कोकणातील घरावर पत्रा घालायचे ठरले की माल आणि मजुरी मिळून सगळे काम तालुक्याच्या ठेकेदाराला द्यावे, की माल आपण आणून मजुरी तेवढी गावातील मिस्त्रीला द्यावी, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. मंडणगड तालुक्यातील आमच्या घरी दोन्ही प्रकार झाले आहेत. पडवी आणि गोठा 2020 साली ठेक्याने झाला, तर मूळ घराचे छप्पर 2022 च्या उन्हाळ्यात मजुरीने करून घेतले. दोन्ही छपरांनी त्यानंतर अनेक पावसाळे काढले असल्यामुळे, जे या विचारात आहेत त्यांच्यासाठी माझा अनुभव मांडत आहे.

तिसरा प्रकार आधीच बाजूला ठेवतो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आले आणि काही तासांत आमच्या भागातील कौले, पत्रे, पोफळी, सगळे जमीनदोस्त झाले. त्यानंतरच्या आठवड्यात अनोळखी टोळ्या वाडीवाडीतून फिरू लागल्या. ‘आज निम्मे पैसे द्या, परवा माल उतरवतो,’ असे त्यांचे बोलणे असे. पाऊस तोंडावर होता आणि माणसे उघड्यावर होती, त्यामुळे आमच्या वाडीतील दोन घरांनी पैसे दिले. ती माणसे पुन्हा दिसली नाहीत. ज्याचे दुकान, घर किंवा निदान केलेले एखादे काम आपण डोळ्यांनी पाहिलेले नाही, त्याला आगाऊ रक्कम देऊ नये, एवढेच या प्रकाराबद्दल सांगण्यासारखे आहे.

आमचा ठेकेदार तसा नव्हता, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. त्याचे तालुक्याला दुकान होते, कामाची माहिती होती आणि ठरल्यापेक्षा दोनच दिवस उशिरा त्याने काम पूर्ण केले. मी पुण्यात होतो, तेव्हाच्या निर्बंधांमुळे ये-जा अवघड होती, आणि घरी फक्त आई होती. माप घेणे, माल आणणे, लोखंडी सांगाडा जोडणे, पत्रा चढवणे हे सगळे एका माणसावर सोपवता आले, ही सोय मोठी होती. आजही ज्यांचे गावी कोणीच नाही, त्यांना ठेक्यावाचून दुसरा मार्ग कदाचित सापडणार नाही.

अडचण कोटेशनच्या भाषेत होती. त्यात ‘उत्तम प्रतीचा रंगीत पत्रा’ असे लिहिले होते आणि चौरस फुटाचा दर होता. जाडी किती, ती रंगासह की रंगाखालच्या पोलादाची, गंज रोखणारा झिंक-ॲल्युमिनियमचा थर किती, यापैकी काहीच नव्हते. खाऱ्या हवेत हा थरच पत्र्याचे आयुष्य ठरवतो, आणि दर चौरस मीटरला 150 ग्रॅमचा थर मागितला तर तसा पत्रा मिळतो. पुढे एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये उरलेला तुकडा मोजला, तेव्हा तोंडी सांगितलेला 0.50 मिलिमीटरचा पत्रा रंग धरून 0.40 सुद्धा भरला नाही. मापक हाताशी नसेल तर वजनकाटा पुरतो. एक मिलिमीटर जाडीच्या पोलादाचे वजन चौरस मीटरला 7.85 किलो असते. चार फूट रुंदीच्या कॉइलमधून, म्हणजे पत्र्याच्या गुंडाळीतून, काढलेला बारा फुटी पत्रा रंग आणि थर धरून खरोखर 0.50 चा असेल तर तो साधारण सोळा-सतरा किलो भरतो, आणि 0.35 चा असेल तर अकरा-बारा. हा फरक मजुरालाही उचलताना कळतो. घरमालकाला मात्र, पत्रा वर चढल्यावर, कळण्याचा मार्ग उरत नाही.

क्षेत्रफळाचेही तसेच आहे. तीस अंशांच्या उतारावर हजार चौरस फूट जमिनीवरचे छप्पर सुमारे साडेअकराशे चौरस फुटांचे होते, आणि वळचण त्याहून वेगळी. उतारावरचे माप लावणे योग्यच आहे, परंतु ते आधी लिहून घेतले नाही तर शेवटच्या बिलाच्या वेळी वाद होतो. आमच्याकडे तो झाला.

तरीही हे सगळे मी विसरलो असतो. माझे मन ज्या गोष्टीवरून फिरले ती जुलैत घडली. पडवीचा पत्रा घराच्या भिंतीला जिथे टेकतो, तिथल्या पट्टीखालून पाणी आत येऊ लागले. आईने घमेली लावली. ठेकेदाराला फोन केला, तेव्हा तो अत्यंत नम्रपणे म्हणाला, ‘उघडीप मिळाली की माणूस पाठवतो.’ आठवड्याने तेच, पंधरा दिवसांनी तेच. कोकणात आषाढ-श्रावणात उघडीप म्हणजे काय, हे त्यालाही ठाऊक होते. गणपतीत मी घरी गेलो, तेव्हा पडवीतला पेंढा तळापासून काळा पडला होता आणि भिंतीला ओल धरली होती. माणूस आला तो दिवाळीनंतर. त्याने पट्टी काढून नवीन बसवली, सीलंट भरले, पैसे मागितले नाहीत. दहा वर्षांच्या गॅरंटीचा कागद आमच्याकडे होता आणि कागदाप्रमाणे त्याने शब्द पाळला, असेच म्हणावे लागेल. गळती पावसात होते आणि गॅरंटी कोरड्या दिवसांत पाळली जाते, याचा मात्र मला त्या वर्षी फार त्रास झाला.

मूळ घराची वेळ आली, तेव्हा म्हणूनच मी गावातील मिस्त्रीकडे गेलो. वानरांनी कौले शिल्लक ठेवली नव्हती आणि दरवर्षी शाकारणीला माणसे मिळेनाशी झाली होती. आजोबांच्या वेळची मंगळुरी कौले उतरवताना वाईट वाटले, पण इलाज नव्हता. मिस्त्रीने पहिल्याच भेटीत सांगितले, ‘भाऊ, पत्रा तुम्हीच आणा, बिल तुमच्या नावावर घ्या. म्हणजे उद्या कुणाच्या मनात काही राहायला नको.’ पत्र्याची लांबी त्याने स्वतः सांगाड्यावर चढून मोजली आणि तेवढ्याच लांबीचे पत्रे कापून मागवले. पैसे मी दुकानदाराला परस्पर दिले, मजुरी तीन हप्त्यांत दिली, आणि शेवटचा हप्ता ऑगस्टपर्यंत ठेवला. याला त्याने हरकत घेतली नाही.

या पद्धतीचा जाच कमी नाही. मला तीन आठवडे रजा काढावी लागली, स्क्रू कमी पडले म्हणून दोनदा तालुक्याला जावे लागले, आणि वाहतुकीत दोन पत्र्यांना पोचे आले ते माझ्याच माथी बसले. मिस्त्री शिमग्यानंतर मोकळा मिळत नाही, त्यामुळे जानेवारीतच सांगून ठेवावे लागते. सगळा हिशेब केला तर पैशांची बचत मी समजत होतो तेवढी झाली नाही.

परंतु त्या जुलैत माजघरात ठिपका पडू लागला आणि मी रात्री फोन केला, तर तो सकाळी प्लास्टिकची खोळ डोक्यावर घेऊन दारात उभा होता. ओल्या पत्र्यावर तो चढला नाही. आतून बॅटरी मारून त्याने थेंबाचा माग काढला, पत्र्याला खडूने खूण केली आणि ओटीवर बसून राहिला. अर्ध्या तासाने सर ओसरली, तेव्हा शिडी लावून त्याने तीन स्क्रू काढले. ते जास्त आवळल्यामुळे त्यांखालचे रबरी वायसर चेपून फाटले होते. जाड वायसरचे नवे स्क्रू बसवून तो दहा मिनिटांत खाली उतरला.

ज्यांना ठेकाच द्यायचा आहे, त्यांनी रंगाविना जाडी, थराचे ग्रॅम आणि उतारावरचे माप कोटेशनमध्ये लिहून घ्यावे, जीएसटीचे बिल आग्रहाने मागावे आणि काही रक्कम पहिला मोठा पाऊस होईपर्यंत हातात ठेवावी. ‘बिल नको, कर वाचेल,’ असे जो म्हणतो, त्याच्याशी पुढे भांडायला आपल्याकडे कागदच राहत नाही. कोणाकडेही गेलात तरी मी मिस्त्रीला विचारलेला प्रश्न विचारून पाहावा : गेल्या आषाढात तुम्ही कोणाच्या घरी गळती काढायला गेला होता? आमच्या मिस्त्रीने तीन घरे सांगितली होती. त्यांपैकी दोन घरी मी काम देण्याआधी जाऊन आलो. एका घरी पत्र्याच्या आतल्या बाजूला खडूची खूण तेव्हाही दिसत होती.