समीकरणं कुठे बसवायची: इनडिझाइनमध्ये की लाटेकमध्ये?

गणिताचं पुस्तक इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये लावावं की सरळ लाटेक, म्हणजे मजकुरातच आज्ञा लिहून पानं जुळवायची प्रणाली, शिकून घ्यावं, हे ठरवताना बहुतेक जण समीकरण टाइप करणं कुठे सोपं आहे ते पाहतात. मी उलट टोकाकडून पाहतो. तिसऱ्या प्रुफात लेखकाने वर्गमुळाखालचं एक अधिक चिन्ह बदललं, तर ते कुठेकुठे निस्तरावं लागेल?

मॅथटाइप हे समीकरणं लिहायचं सॉफ्टवेअर बऱ्याच जणांच्या ओळखीचं. चौकटी भरत जायच्या, समीकरण ईपीएस या चित्राच्या फाइलीत साठवायचं आणि पानात आणायचं. स्वतंत्र ओळीवर मांडलेल्या समीकरणाला एवढं पुरतं. गोची होते ती वाक्याच्या मधोमध येणाऱ्या चिमुकल्या समीकरणांत. इनडिझाइनच्या लेखी ते फक्त चित्र, आणि ओळीतल्या चित्राचा तळ बेसलाइनवर, म्हणजे अक्षरं ज्या रेषेवर उभी असतात तिच्यावर, टेकतो. म्हणजे अपूर्णांक आख्खाच वर उचलला जातो आणि तो खाली ओढायला बेसलाइन शिफ्ट द्यावा लागतो, प्रत्येक ठिकाणी वेगळा. त्यात कुणी मजकूर १० वरून ९.५ पॉइंटवर आणला, की अक्षरं लहान होतात आणि समीकरणं जुन्याच मापात राहतात. वीस समीकरणं असतील तर हे सोसवतं. चारशे असतील तर नाही.

या दुखण्यावर मॅथमॅजिक प्रो हा चांगला तोडगा आहे. ते प्लग-इन म्हणून इनडिझाइनमध्येच बसतं. समीकरणावर डबल-क्लिक करून दुरुस्ती करता येते, बेसलाइनही ते स्वतः सांभाळतं. पैसे मोजावे लागतात, पण मांडणी इनडिझाइनमध्येच हवी असेल तर मी आधी हेच चाचपून पाहीन. इनडिझाइन २०२५मध्ये मॅथएमएल ही टॅगांची भाषा वापरून समीकरणं घालायची सोय आली आहे. मात्र मॅथएमएल हाताने लिहिणं ही शिक्षाच. दुसरीकडून तयार मिळत असेल तरच तिचा उपयोग.

लाटेकची गोष्ट वेगळी. त्याच्या पोटातलं टेक मुळात याच कामासाठी जन्मलं: आपल्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं पाहून वैतागलेल्या डोनाल्ड क्नूथ यांनी १९७८ साली ते आणलं. इथे समीकरण म्हणजे मजकूरच. फॉन्टचं माप बदललं की तेही बदलतं. मध्येच नवीन समीकरण घुसवलं की पुढचे क्रमांक सरकतात, आणि ‘समीकरण ३.७ पाहा’ असे उल्लेख, नीट जोडलेले असतील तर, आपोआप सुधारतात. देवनागरी मजकूर असेल तर लाटेकचीच युनिकोड जाणणारी रूपं, झीलाटेक किंवा लुआलाटेक, घ्या.

पण रंगीत चौकटी, चित्राभोवती वळणारा मजकूर, समासातल्या टिपा असं पान लाटेकमध्ये उभं करताना घाम फुटतो. आकृती त्याला हवी तिथे जाऊन बसते. माउसने ओढून जागेवर आणू म्हटलं तर तसं काही नाहीच. लाटेकसारखंच काम करणारं, २०२३मध्ये मुक्त स्रोत झालेलं टिप्स्ट शिकायला सोपं आणि निकाल दाखवायला चपळ आहे. पण प्रकाशक लाटेकच्या फाइली मागत असेल तर ते बाद.

समीकरणं लाटेकमध्ये करून त्यांचे पीडीएफ तुकडे इनडिझाइनमध्ये आणायची युक्ती पुष्कळ जण सुचवतात. दिसतात देखणी, पण ती पुन्हा चित्रंच, म्हणजे बेसलाइनचं भूत परत मानगुटीवर.

ठरत नसेल तर हस्तलिखितातलं सगळ्यात किचकट पान निवडा आणि दोन्हीकडे लावून पाहा. मग मजकूर अर्ध्या पॉइंटने लहान करा, एक समीकरण मध्ये घुसवा, आणि घड्याळ लावून दोन्ही पानं पुन्हा सरळ करा.