छोट्या कुत्र्यांच्या गुदग्रंथी घरी सांभाळताना: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमची मिनू म्हणजे सहा किलोच्या आसपासची शिह त्झू. तिच्या गुदग्रंथी वारंवार भरायच्या. आता तो त्रास आटोक्यात आहे. त्यासाठी घरी जे जे वापरलं त्याबद्दल सविस्तर लिहिते आहे: इसबगोल, भोपळा, ग्रंथींसाठी म्हणून मिळणाऱ्या चघळायच्या गोळ्या, गरम पाण्याचा शेक, हातमोजे घालून ग्रंथी रिकाम्या करणं आणि शेवटी आहारबदल. आपल्या कुत्र्यासाठी जे ‘पिळायचं कसं’ हे शोधत आले असतील त्यांना आधीच सांगते, या सगळ्यात पिळण्याचा उपयोग सर्वांत कमी झाला. तिची शी घट्ट झाली, मग खाज कमी झाली, आणि तेव्हा कुठे ग्रंथी शांत झाल्या.

असं का होतं हे समजायला रचना माहीत हवी. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना त्वचेखाली एकेक छोटी पिशवी असते, घड्याळाच्या तबकडीवर ४ आणि ८ जिथे असतात साधारण तिथे. गुदद्वाराला आवळून धरणाऱ्या आतल्या आणि बाहेरच्या स्नायूंच्या मध्ये ती बसलेली असते आणि तिची बारीक नळी गुदद्वाराच्या काठाशी उघडते. घट्ट, जाडसर शी बाहेर येताना पिशवीवर दाब पडतो आणि थोडा द्राव आपोआप निघून जातो. शी मऊ असेल तर तो दाबच पडत नाही. द्राव आत राहतो, हळूहळू दाट होतो, नळी तुंबते. पुढे दाह, जंतुसंसर्ग, पू आणि अगदी वाईट वेळ आली तर गळू होऊन ते बाहेरच्या त्वचेतून फुटतं. मोठ्या कुत्र्यांनाही हे होतं, पण चिवावा, टॉय पूडल, डॅक्सहुंड, शिह त्झू, कॅव्हेलिअर, कॉकर स्पॅनिअल अशा छोट्या जातींमध्ये जास्त दिसतं.

ढुंगण जमिनीवर घासत पुढे सरकणं हे सगळ्यांना माहीत असलेलं लक्षण. मिनू ते फार कमी करायची. ती चालता चालता एकदम खाली बसायची आणि कुणी चावल्यासारखी मागे वळून शेपटीकडे बघायची. शेपटीच्या बुंध्याशी सतत चाटणं, शी करायला बसून मध्येच उठणं, आणि झोपल्या जागी राहिलेला तो उग्र हिवस वास, हेही होतंच. तुमचं कुत्रं घासत नाही म्हणजे ग्रंथी ठीक आहेत असं धरून चालू नका. उलटही खरं आहे. घासणारं प्रत्येक कुत्रं ग्रंथींमुळेच घासतं असं नाही. टेपवर्म असले तरी घासतात. शेपटीखालच्या केसांत तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे तुकडे दिसतात का ते पाहा. हे जंत बहुतेकदा पिसवांमधून येतात आणि जंताच्या प्रत्येक औषधाने जात नाहीत. त्यामुळे कोणतं औषध द्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा, आणि पिसवांचा बंदोबस्तही सोबतच करा.

आता इसबगोल. माझ्या मते घरच्या उपायांत याचा नंबर पहिला. साधा, बिनचवीचा, बिनसाखरेचा भुसा घ्यायचा आणि डब्यावरची घटकांची यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. माणसांसाठीच्या चवदार, ‘शुगर फ्री’ प्रकारांत झायलिटॉल हे साखरेऐवजी वापरलं जाणारं गोडीचं द्रव्य असू शकतं, आणि ते कुत्र्यांना थोडंसंही विषारी ठरतं. मिनूच्या वजनाला डॉक्टरांनी पाव चमच्याने, म्हणजे चहाच्या चमच्याने, सुरुवात करायला सांगितलं आणि आठवड्याभराने शी पाहून पुढचं ठरवू म्हणाले. भुसा कोरडा टाकायचा नाही. कोमट पाण्यात भिजवून फुलू द्यायचा, मग जेवणात कालवायचा. पाणी कमी पडलं तर हाच इसबगोल बद्धकोष्ठ करतो. सुरुवातीला पोटात गुडगुड आणि वायू झाला, पण प्रमाण वाढवण्याची घाई केली नाही म्हणून तो आपोआप निवळला. ती दुसरी औषधं घेत असेल तेव्हा ती आणि इसबगोल वेगवेगळ्या वेळी देते, कारण औषध शरीरात शोषलं जाण्यात इसबगोलातले तंतू (फायबर) आड येऊ शकतात.

फरक पहिल्यांदा शीत दिसला, ग्रंथींमध्ये नंतर. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण चार दिवसांत घासणं थांबलं नाही की लोक इसबगोल सोडून देतात. शी उचलताना जमिनीवर डाग राहतो का, आकार टिकतो का, हे रोज पाहायचं. पशुवैद्यांकडे शीचा घट्टपणा मोजायचा १ ते ७ असा तक्ता असतो. १ म्हणजे दगडासारखी, ७ म्हणजे पाणी. आपल्याला २ ते ३ हवा. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजचा आकडा लिहीत गेले आणि शेजारी ‘घासली’, ‘चाटली’ अशी खूण करत गेले. सांगायला साधी गोष्ट आहे, पण डॉक्टरांना माझ्या शंभर वर्णनांपेक्षा ते कॅलेंडर जास्त उपयोगी पडलं.

भोपळा वाईट नाही. लाल भोपळा वाफवून, सालं आणि बिया काढून, मीठमसाला काहीही न घालता कुस्करायचा. छोट्या कुत्र्याला एक-दोन चमचे पुरतात. मिनूला तो मनापासून आवडतो. मात्र त्यात पाणी जास्त आणि तंतू त्या मानाने कमी, त्यामुळे केवळ भोपळ्याने तिची शी पुरेशी घट्ट झाली नाही. इसबगोल खपवायला म्हणून मात्र तो उत्तम.

चघळायच्या गोळ्यांच्या दोन वेगवेगळ्या बाटल्या संपवल्या. वेष्टणावर ग्रंथींचं नाव मोठ्या अक्षरात असलं, तरी आत मुख्यतः तंतू, थोडा भोपळा आणि प्रोबायोटिक असतं. ज्यांच्या घरी रोज भिजवणं-कालवणं जमत नाही त्यांना सोयीच्या. आम्ही त्या बंद केल्या. कारण पुढे येतं.

ग्रंथी हाताने रिकाम्या करण्याबद्दल मात्र जरा थांबून लिहायला हवं. डॉक्टर बहुतेकदा बोट आत घालून पिशवी दोन बोटांत धरतात, त्यामुळे ती नीट रिकामी होते आणि आत गाठ असेल तर हाताला लागते. घरी करायची पद्धत बाहेरून दाबायची. ती डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शिकल्याशिवाय करू नये असं माझं ठाम मत आहे. आमच्या डॉक्टरांनी माझा हात धरून दाखवलं. एकाने कुत्र्याला छातीशी धरायचं, दुसऱ्याने हातमोजे घालून शेपटी वर उचलायची, टिश्यू गुदद्वारावर धरायचा, ४ आणि ८ च्या जागी अंगठा आणि तर्जनी ठेवायची, आणि थोडं खालून आत नेत वर, नळीच्या तोंडाकडे हळू दाब द्यायचा. पिशवी भरलेली असेल तर बोटाला वाटाण्याएवढी गोलाई जाणवते. हलक्या दाबाने काही आलं नाही की थांबायचं. ‘अजून थोडा जोर’ लावायचा नाही, कारण त्याने आतल्या ऊतींना इजा होते आणि दाह वाढतो.

पिवळसर ते तपकिरी, पातळ किंवा किंचित दाट द्राव येणं नेहमीचं. रक्त किंवा पू दिसला, की घरचं काम तिथेच संपलं. आणि ज्या कुत्र्याला त्रासच नाही त्याच्या ग्रंथी दर आंघोळीला पिळण्याचा जो रिवाज काही ग्रूमिंगच्या ठिकाणी असतो, तो तुम्ही तोंडाने सांगून बंद करा. निरोगी ग्रंथीला हात लावायची गरज नसते. मिनूच्या बाबतीत बाहेरून दाबल्याने आराम मिळायचा, पण शी मऊ असेपर्यंत पिशव्या पुन्हा भरायच्याच. शी घट्ट राहू लागल्यावर मी हातमोजे क्वचितच घातले.

शेक चांगला आहे, पण तो कशासाठी हे नीट कळलं पाहिजे. स्वच्छ फडकं गरम पाण्यात बुडवून, पिळून, आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायचं, चटका बसत नाही ना. मग पाच ते दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. डॉक्टरांनी पिशवी धुऊन दिल्यानंतरची सूज आणि ठणका त्याने खरोखर उतरला. मिनू पहिल्या दिवशी अंग चोरत होती, नंतर फडकं दिसलं की स्वतःहून आडवी व्हायची. पाण्यात एप्सम सॉल्ट घालावं का, असं बरेच जण विचारतात. मी घातलं नाही. कुत्रं नंतर ती जागा चाटतं आणि ते मीठ पोटात जाणं बरं नाही.

एका बाजूला लाल-जांभळी सूज, हात लावताच कळवळणं, ताप, खाणं सोडणं, किंवा शेपटीखाली छिद्र पडून पू येणं, हे गळू आहे. पिळायचं नाही, घरची मलमं लावायची नाहीत, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तिथे गुंगी देऊन ते साफ करतात आणि वेदनाशामक, गरज असेल तर प्रतिजैविकं देतात. तोवर वेदना थांबवायला म्हणून माणसांची आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल देऊ नका. ती कुत्र्यांच्या जिवावर बेतू शकतात. चाटू नये म्हणून गळ्यात कोन घातलात तर तेवढं पुरे.

इथपर्यंतचं सगळं करूनही मिनूची डावी ग्रंथी भरतच होती. शी उत्तम, वजन योग्य, तरी. (वजनाचंही महत्त्व आहे. लठ्ठ कुत्र्यांमध्ये हा त्रास जास्त दिसतो, म्हणून तिचं खाणं आम्ही वाटीने न मोजता काट्यावर तोलतो.) कॅलेंडर पाहताना डॉक्टरांनी विचारलं, ती पंजे चाटते का, कान खाजवते का? दोन्ही करत होती. आम्ही त्याला सवय समजत होतो. त्वचेची ऍलर्जी असलेल्या कुत्र्यांमध्ये गुदद्वाराभोवतीची त्वचाही सुजते आणि ग्रंथींचा त्रास पुन्हापुन्हा होतो. ही दुवा जोडणारी गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं, म्हणून इथे मुद्दाम लिहिते आहे. कान, पंजे आणि शेपटीखालची जागा एकत्र पाहा.

मग ही ऍलर्जी अन्नाची आहे का ते पाहायला आहारचाचणी. डॉक्टरांनी सुचवलेलं, ऍलर्जी उठू नये म्हणून प्रथिनांचे अतिसूक्ष्म तुकडे केलेलं (हायड्रोलाइज्ड) तयार असं एकच अन्न किमान आठ आठवडे, बाकी काहीही नाही. ‘काहीही नाही’ यात बिस्किटं, हाडाच्या चघळण्या, चवीच्या जंतगोळ्या आणि त्या ग्रंथींच्या चघळायच्या गोळ्यासुद्धा आल्या. त्या बंद करण्याचं कारण हेच. त्यांच्यातही मांसाची चव असते. भोपळाही थांबवला. इसबगोल तेवढा डॉक्टरांना विचारून चालू ठेवला. घरातल्या प्रत्येकाने पाळलं तरच या चाचणीला अर्थ आहे. पाहुण्याने टेबलाखालून दिलेला एक तुकडा सगळी मेहनत पुसून टाकतो, म्हणून मी येणाऱ्या प्रत्येकाला दारातच सांगत असे. सर्वांत आधी कान शांत झाले. मग पंजे. डावी ग्रंथी शेवटी. नंतर डॉक्टरांच्या सांगण्यावरून जुनं खाणं पुन्हा देऊन पाहिलं, कारण त्याशिवाय निदान पक्कं होत नाही. खाज परत आली आणि ग्रंथीही भरली. आमच्यासाठी उत्तर मिळालं. प्रत्येक कुत्र्याचं उत्तर अन्नातच असेल असं मुळीच नाही. काहींना धूळ, परागकण यांची ऍलर्जी असते, आणि तिथे औषधं लागतात.

हे सगळं करूनही ग्रंथी वारंवार पिकत असेल तर शस्त्रक्रियेने ती काढतात. आमच्यावर ती वेळ आली नाही. ज्यांच्यावर येईल त्यांनी अशी शस्त्रक्रिया नेहमी करणारे डॉक्टर शोधावेत. शेजारच्या नसांना आणि स्नायूला धक्का लागला तर शीवरचा ताबा जाण्याचा धोका असतो, त्याबद्दल आधी मोकळेपणाने विचारावं.

वय झालेल्या कुत्र्यांसाठी एक वेगळी सूचना. या पिशव्यांच्या ग्रंथींत कर्करोगही होतो. ती गाठ अनेकदा दुखत नाही आणि बाहेरून दिसतही नाही. त्यातल्या काही कुत्र्यांच्या रक्तातलं कॅल्शिअम वाढतं आणि ती खूप पाणी पितात, खूप शू करतात. त्यामुळे म्हाताऱ्या कुत्र्याचं घासणं घरच्या घरी इसबगोलावर काढू नका. वर्षातून एक-दोनदा नेहमीच्या तपासणीला न्याल तेव्हा बोट आत घालून तपासायला स्वतःहून सांगा. मिनू अजून तरुण आहे, तरी तिच्या फाइलवर मी हे लिहून घेतलं आहे. सध्या तिला रोज रात्री भिजवलेला इसबगोल आणि तेच एक अन्न चालू आहे.