साथीचा कायदा की आपत्तीचा?

स्पर्धा परीक्षेवाल्या भाचीचा प्रश्न: साथ आली की १८९७ चा साथरोग कायदा बरा, की २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा?

वेगात जुना सरस. मुंबईच्या प्लेगात घाईने केलेला, मूळ कलमं चारच. राज्याने अधिसूचना काढली की झालं. महाराष्ट्राने मार्च २०२० मध्ये तेच केलं. पण नागरिकाच्या हक्कांबद्दल चकार शब्द नाही. पुण्यात गोरे सोजीर घराघरांत घुसले ते याच्याच जोरावर!

पैसा? जुन्यात वेगळा निधीच नाही. नव्यात निधी आहे, दिल्लीपासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंत उतरंड आहे. देशव्यापी टाळेबंदी त्यातूनच लागली. मात्र सूत्रं केंद्राकडे जातात.

डॉक्टरांवर हल्ला झाला तर २०२० च्या दुरुस्तीमुळे जुनाच कडक.

जिल्ह्यापुरता कॉलरा असेल तर जुना पुरे. राज्याराज्यांत पसरणाऱ्या साथीला नवाच हवा.