मंगळावरच्या रोव्हरला वीज कुठून द्यायची: सौर पॅनेल की प्लुटोनियम?

मंगळावर रोव्हर पाठवायचा विषय निघाला की चाकं किती, कॅमेरे कोणते, ड्रिल किती खोल जाईल यावर चर्चा रंगते. आधी सुटायला हवा तो विजेचा प्रश्न, कारण वजन, उतरायची जागा, आयुष्य आणि खर्च या सगळ्याचा हिशोब त्यावर बसतो. व्यवहारात पर्याय दोन: सौर पॅनेल, किंवा प्लुटोनियम या किरणोत्सर्गी धातूच्या उष्णतेपासून वीज काढणारं जनित्र, म्हणजे आरटीजी. दोन्ही मंगळावर वापरून झालेत, तेव्हा तुलना प्रत्यक्ष अनुभवावर करता येते.

अणुऊर्जा म्हटलं की भरपूर वीज, हा समज आधी बाजूला ठेवा. नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरचा आरटीजी सुरुवातीला जेमतेम ११० वॅट देत होता. मंगळाच्या पूर्ण दिवसाचा हिशोब केला तर साधारण २८०० वॅट-तास (एक वॅट-तास म्हणजे एक वॅटने तासभरात मिळणारी वीज). मंगळावर पोचणारं ऊन पृथ्वीच्या ४३ टक्केच, तरीही २०१८ मध्ये उतरलेल्या इनसाइट यानाच्या पॅनेलनी पहिल्याच दिवशी ४६०० च्या आसपास वॅट-तास काढले. अर्थात इनसाइट एका जागी उभं राहणारं यान होतं. दोन मीटरपेक्षा रुंद अशी दोन गोल पॅनेल पसरून बसणं त्याला परवडत होतं. खडकांतून वाट काढणाऱ्या रोव्हरला ते जड जातं. स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या सौर पॅनेलवरच्या जुळ्या रोव्हरना सुरुवातीला दिवसाला ९०० वॅट-तासांच्या आसपास मिळत होते. क्युरिऑसिटीलाही सलग काम जमत नाहीच. आरटीजी थेंबाथेंबाने बॅटरी भरतो, आणि ती भरेपर्यंत रोव्हर बराच वेळ झोपून असतो.

मग सौर पॅनेलचं घोडं अडतं कुठे? धुळीत. इनसाइटची वीज २०२२ पर्यंत ५०० वॅट-तासांवर आली. त्याआधी चमूने एक युक्ती करून पाहिली होती: यानाच्या हाताने वाळू उचलायची आणि वारा असताना पॅनेलच्या शेजारी हळूहळू सोडायची. वाऱ्यावर उड्या मारत जाणारे जाड कण बारीक धूळ सोबत घेऊन जातात. पहिल्या प्रयत्नात दिवसाला सुमारे ३० वॅट-तास वाढले. तेवढ्याने किती दिवस निघणार? डिसेंबर २०२२ मध्ये यान गप्प झालं. चीनचा झुरोंग रोव्हर त्याच वर्षी मे महिन्यात हिवाळी झोपेत गेला आणि ठरल्या वेळी उठला नाही. धुळीने माखलेली पॅनेल हेच त्याचं कारण सांगितलं गेलं. (वायपर का बसवत नाहीत, हे कुणीतरी विचारतंच. वजन वाढतं आणि बिघडू शकणारा एक हलता भाग वाढतो; ठरलेली मुदत काही महिन्यांचीच असेल तर पॅनेल थोडं मोठं करणं सोपं पडतं.)

दुसरं टोक म्हणजे ऑपॉर्च्युनिटी. नव्वद मंगळ-दिवसांसाठी पाठवलेला हा रोव्हर १४ वर्षांहून जास्त टिकला आणि ४५ किलोमीटर चालला, कारण वाऱ्याच्या झोतांनी त्याची पॅनेल अधूनमधून आपोआप साफ होत गेली. या उदाहरणावर भाळून सौर पॅनेल निवडू नका. वारा कुठल्याही आराखड्यात लिहून देता येत नाही.

खरी तुलना जून २०१८ च्या धुळीच्या वादळाने करून दाखवली. ऑपॉर्च्युनिटीला मे अखेरीस ६४५ वॅट-तास मिळत होते, ते १० जूनला २२ वर आले आणि संपर्क तुटला तो कायमचा. त्याच वादळात, त्याच ग्रहावर, क्युरिऑसिटी धुरकटलेल्या आकाशाचे फोटो पाठवत होता.

माझ्या मते तरी निर्णय ठरतो तो रात्रीच्या थंडीवर. पारा उणे ९० अंशांच्या खाली जातो, आणि बॅटरी व इलेक्ट्रॉनिक्स जिवंत ठेवायला ऊब लागते. सौर रोव्हर दिवसा कमावलेल्या विजेतला मोठा वाटा रात्री हीटरवर घालवतो. दक्षिण गोलार्धातल्या स्पिरिटला हिवाळ्यात उत्तरेकडे कललेला उतार शोधून पॅनेल सूर्याकडे तिरपी करावी लागत. २००६ च्या हिवाळ्यात तो अशाच एका उतारावर महिनोन्‌महिने उभा होता. २००९ मध्ये तो मऊ वाळूत रुतला, पुढच्या हिवाळ्यासाठी तसं तिरपं होणं जमलं नाही, आणि मार्च २०१० नंतर त्याचा आवाज आला नाही. आरटीजीमध्ये उष्णता तयार होते सुमारे २००० वॅट, आणि वीज बनते त्यातली थोडीशीच. उरलेली उष्णता नळ्यांतल्या द्रवातून रोव्हरभर फिरवली जाते. म्हणजे तो आधी शेगडी आहे, वीज हा त्याचा जोडधंदा.

त्या शेगडीची किंमत मात्र जबर आहे. जनित्र ४५ किलोचं, आत ४.८ किलो प्लुटोनियम डायऑक्साइड. यात लागणारा प्लुटोनियमचा प्रकार, प्लुटोनियम-२३८, ही विकत आणायची वस्तू नाही. अमेरिकेतसुद्धा त्याचं उत्पादन १९८० च्या दशकाअखेरीस थांबलं होतं आणि कित्येक वर्षांनी संथपणे पुन्हा सुरू झालं. शिवाय हे यंत्र बंद करता येत नाही. प्रवासभर त्याची उष्णता बाहेर टाकायला वेगळी व्यवस्था लागते, आणि क्युरिऑसिटीचं जनित्र तर उड्डाणाच्या काही दिवस आधी, रॉकेट तळावर उभं असताना आत बसवलं होतं. अणुसुरक्षेच्या परवानग्यांचा व्याप वेगळाच. तुमच्या देशाकडे हे इंधन नसेल आणि कुणी द्यायला तयार नसेल, तर पुढची चर्चा व्यर्थ.

यात एक मधली वाट आहे, आणि पहिलाच रोव्हर असेल तर मी तीच घेईन: वीज सौर पॅनेलची, ऊब प्लुटोनियमच्या छोट्या गोळ्यांची. स्पिरिट-ऑपॉर्च्युनिटीमध्ये प्रत्येकी एक वॅटचे असे आठ-आठ हीटर होते. तेवढंही मिळत नसेल, तर झुरोंगसारखं दिवसा वितळून उष्णता साठवणारं आणि रात्री गोठताना ती परत देणारं रसायन वापरता येतं. काहीच सोय नसेल तर काय होतं ते चंद्रावर दिसलं: प्रज्ञान रोव्हर २०२३ मध्ये आपलं ठरलेलं काम करून झोपला, आणि रात्र संपल्यावर उठला नाही.

सौर पर्याय घेतलात तर जागा विषुववृत्ताच्या जवळ निवडा, रोव्हर दोनशे किलोंच्या आसपास ठेवा, आणि पैसे असतील तर एकाऐवजी दोन पाठवा; स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी मिळून क्युरिऑसिटीपेक्षा कितीतरी स्वस्तात झाले होते. टनभर वजनाची प्रयोगशाळा वर्षानुवर्षं, हिवाळ्यातही चालवायची असेल, तर आरटीजीला पर्याय नाही. दोन्ही एकाच मोहिमेतही चालतात: नासाचा पर्सिव्हिअरन्स रोव्हर प्लुटोनियमवर चालतो, पण त्याच्यासोबत गेलेलं १.८ किलोचं इंजेन्युइटी हेलिकॉप्टर उन्हावर ७२ वेळा उडालं. आणि सौर रोव्हरची उतरायची तारीख ठरवताना धुळीचा मोसम बघा. मोठी वादळं बहुतेक दक्षिण गोलार्धातल्या वसंत आणि उन्हाळ्यात उठतात; तो काळ सरल्यावर उतरलात तर काम उरकायला मंगळाचं जवळजवळ अर्धं वर्ष मिळतं, म्हणजे आपले अकराएक महिने.