फळांच्या सालींचं बायोएन्झाइम: आठ महिन्यांच्या वापरानंतर

बायोएन्झाइम म्हणजे फळांच्या साली गूळ-पाण्यात आंबवून केलेलं सफाईचं द्रावण. आठ महिने, चार खेपा आणि रोजचा वापर झाल्यावरचं मत आधीच सांगून टाकलेलं बरं. सफाईचं सौम्य आम्ल म्हणून हे द्रावण उत्तम आहे, एन्झाइमांचा, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांचा, साठा म्हणून मात्र कमकुवत. या दोन गोष्टींची गल्लत झाली की अपेक्षाभंग होतो आणि एका चांगल्या वस्तूला उगाच बोल लागतो.

प्रमाण वजनावर धरायचं: १ भाग गूळ, ३ भाग साली, १० भाग पाणी. दहा लिटरच्या प्लास्टिक कॅनला ६०० ग्रॅम गूळ, १.८ किलो साली आणि ६ लिटर पाणी पुरतं. वरची जागा रिकामी ठेवायलाच हवी, कारण पहिले दोन-तीन आठवडे कार्बन डायऑक्साइड जोरात सुटतो. रोज एकदा झाकण सैल करून तो सोडून द्यायचा. काचेची बाटली घट्ट बंद केली तर फुटू शकते, त्यामुळे काच नकोच. साली बोटाच्या पेराएवढ्या चिरायच्या. मिक्सरमधून काढल्या तर गाळताना लगदा कापडाची भोकं बुजवतो आणि तासभर थेंबथेंब गळत राहतं.

खेप बिघडते ती बहुधा सालींच्या निवडीवरून. संत्र्या-लिंबाच्या सालीतल्या लिमोनीन या तेलामुळे वास छान येतो, तेलकटपणाही सुटतो, पण हेच तेल यीस्टला मारक असतं. सगळी खेप लिंबूवर्गीय सालींची असली तर बुडबुडे फार उशिरा येतात. अशा साली एक तृतीयांश ठेवाव्यात, बाकी अननस, सफरचंद, पपई. केळ्याच्या सालीचा बुळबुळीत गाळ होतो. डाळिंबाची साल टाळावी. तिच्यातलं टॅनिन हे तुरट द्रव्य प्रथिनांना चिकटून त्यांना तळाशी बसवतं आणि एन्झाइम ही प्रथिनंच. शिवाय पांढऱ्या फरशीवर पिवळट डाग राहतात, ते वेगळंच.

वर पांढरी, सुरकुतलेली साय धरली तर घाबरू नये, ती यीस्टची किंवा जिवाणूंची असते. काळी, हिरवी किंवा गुलाबी केसाळ बुरशी दिसली तर खेप टाकून द्यावी. बुरशी येते ती पाण्यावर तरंगून कोरड्या पडलेल्या सालींवर, म्हणून पहिला महिना रोज कॅन हलवायचा. महिन्याभरानं बुडबुडे थांबले की झाकणाऐवजी घट्ट विणीचं कापड बांधावं. यीस्टनं गुळाच्या साखरेपासून केलेल्या अल्कोहोलचं ॲसिटिक आम्ल (व्हिनेगरमधलं आम्ल) व्हायला हवा लागते, पूर्ण बंद कॅनमध्ये आंबटपणा अर्धवट राहतो. तीन महिन्यांनी पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) पट्टीवर ३ ते ४ यायला हवा आणि गोडसर वास उरता कामा नये. साखर शिल्लक असताना गाळलं तर फरशी चिकट होते, मुंग्या लागतात.

वापरात सर्वांत चोख काम नळावरच्या आणि काचेवरच्या क्षारांच्या पांढऱ्या थरावर. निर्भेळ द्रावणात भिजवलेलं फडकं वीस मिनिटं गुंडाळून ठेवलं की थर बोटानं निघतो. फरशीला लिटरभर पाण्यात २५ मिली पुरे. मोरीचा वास कमी होतो, तुंबलेला पाइप मात्र यानं मोकळा होत नाही. संगमरवरावर कधीही नको, आम्ल दगडच खातं. खाण्याच्या सोड्याबरोबर फेस भरपूर येतो, पण दोन्ही एकमेकांना निकामी करतात. ब्लीचमध्ये तर हे चुकूनही मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो. प्यायचंही नाही: सालींतल्या पेक्टिन या चिकट द्रव्यापासून थोडं मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, तयार होतं.

आता एन्झाइमांची गोष्ट. १०० मिली पाण्यात १ ग्रॅम कॉर्नफ्लोअर उकळून थंड करायचं आणि तीन ग्लासांत वाटायचं. पहिल्यात पाणी, दुसऱ्यात गाळलेलं द्रावण, तिसऱ्यात तेच द्रावण दहा मिनिटं उकळून गार केलेलं. दोन्ही द्रावणांचा पीएच आधी चिमूट-चिमूट सोड्यानं ६ वर आणायचा. कोमट जागी तासभर ठेवून प्रत्येकात आयोडीनचा थेंब टाकायचा. पाण्याचा ग्लास गर्द निळा होतो. दुसरा फिकट राहिला आणि उकळलेला निळा झाला, तरच स्टार्च तोडणारं अमायलेज जिवंत आहे. उकळलेल्या द्रावणाचा ग्लास वगळला तर फसगत होते, कारण सालीतलं क जीवनसत्त्वही आयोडीनचा रंग घालवतं. तीन महिने मुरलेल्या खेपांत दुसऱ्या आणि तिसऱ्या ग्लासात डोळ्यांना फारसा फरक दिसला नाही. त्यात नवल नाही. इतक्या आम्लात बहुतेक एन्झाइमांच्या रेणूंची घडी उलगडून ती निकामी होतात आणि प्रथिनं तोडणारी एन्झाइमं बाकीच्यांनाही खाऊन टाकतात.

खरोखर एन्झाइम हवं असेल तर आंबवण्याची वाट पाहू नये. अननसाची ताजी साल आणि मधला दांडा २०० ग्रॅम, बर्फगार पाणी २०० मिली, मिक्सर थांबत-थांबत फिरवायचा, म्हणजे गरम होत नाही. लगेच मलमलीतून पिळून फ्रिजमध्ये. यात ब्रोमेलेन असतं, प्रथिनं तोडणारं. साध्या जिलेटिनमध्ये मिसळून थंड केलं तर जिलेटिन आळतच नाही. तोच रस उकळून घातला तर व्यवस्थित आळतं. सुती कापडावरचे रक्ताचे, दुधाचे, अंड्याचे डाग अर्धा तास यात भिजवले की साध्या पाण्यापेक्षा स्पष्टपणे चांगले सुटतात. पाणी गार किंवा कोमट घ्यावं, कढत पाण्यात ब्रोमेलेन मरतं. लोकर आणि रेशीम मात्र लांब ठेवावं, तेही प्रथिनच आहे. रस दोन दिवसांत वापरावा, नाहीतर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावा. पिळून उरलेला चोथा आंबवायच्या कॅनमध्ये टाकावा, पुढची खेप त्यावर चांगली उठते.