आईची ठेव आणि हर्णैजवळची पतसंस्था
सहकारी पतसंस्थांचे लेखापरीक्षण हा गेली अठरा वर्षे माझा व्यवसाय असल्यामुळे पैसे कुठे ठेवावेत, हे नातेवाईक मला हमखास विचारतात. आईच्या ठेवीच्या निमित्ताने तो प्रश्न माझ्याच घरात आला आणि तीन वर्षांपूर्वी आम्ही हर्णै बंदराजवळच्या एका पतसंस्थेच्या शाखेत खाते उघडले. या संस्थेचे लेखापरीक्षण मी कधीही केलेले नाही; हा अभिप्राय ग्राहक म्हणूनच आहे.

बँकेतील ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, तसे पतसंस्थेतील ठेवीला नसते. म्हणून व्याजदराचा फलक वाचण्याआधी ताळेबंद मागावा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ नुसार सभासदाला शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद विनामूल्य पाहता येतो, तरी पुष्कळ ठिकाणी ‘साहेब आल्यावर या’ एवढेच उत्तर मिळते. येथे शाखाधिकाऱ्यांनी आईसमोर फाईल उघडून ठेवली आणि तिच्यात दोषदुरुस्ती अहवालही लावलेला होता. मी आधी तोच वाचला, कारण लेखापरीक्षकाने दाखवलेले दोष कोणत्याही संस्थेत सापडतात, पण तोच दोष पुढच्या वर्षी त्याच शब्दांत पुन्हा आला आहे का, यावरून कारभार कळतो. येथे उचंत खात्यात, म्हणजे कोणत्या सदरात टाकायची हे न ठरलेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्यात, पडून राहिलेली जुनी रक्कम पुढच्या वर्षी निकाली निघालेली होती.

दैनंदिन ठेवीबाबत मी विशेष सावध असते. पूर्वी दुसऱ्या एका संस्थेत आईच्या पुस्तिकेतील आणि खतावणीतील, म्हणजे संस्थेच्या खातेवहीतील, शिल्लक यांत ४,२०० रुपयांची तफावत निघाली होती आणि ती मिटायला पाच महिने लागले. या शाखेचा प्रतिनिधी संध्याकाळी मासळीच्या लिलावाच्या वेळी बंदरावर फिरतो, रक्कम घेताच यंत्रातून शिलकीसह पावती देतो, आणि दर तीन महिन्यांनी शाखेतील दुसराच कर्मचारी पुस्तिका मागवून खतावणीशी ताडून सही करतो. पैसे गोळा करणारा आणि हिशेब तपासणारा असे दोन वेगळे हात असणे ही ठेवीदाराची खरी राखण आहे.

सोनेतारणाचा अनुभवही चांगला आला. कलमांच्या फवारणीसाठी भावाने पाटल्या तारण ठेवल्या होत्या. त्या सोडवताना पाकिटाच्या जोडावरची आमची सही आधी दाखवली, मगच सील फोडले, आणि काट्याचे आकडे आमच्याकडे करून वजन केले. पावतीवरचे २३.४८० ग्रॅम तंतोतंत भरले.

उणिवाही आहेत. पावसाळ्यात रेंज गेली की पासबुक भरून मिळत नाही, आणि लेखापरीक्षण वर्ग, म्हणजे लेखापरीक्षकाने संस्थेला दिलेला दर्जा, दाखवणाऱ्या फलकावर अजून मागील वर्षच आहे. याहून मोठी तक्रार आंबा कर्जाची आहे. हापूसचा पैसा हाती येतो तो मुख्यतः एप्रिल-मेमध्ये, मात्र परतफेडीची तारीख ३१ मार्च ठेवल्यामुळे प्रामाणिक बागायतदारही मार्चअखेर थकबाकीदारांच्या यादीत जातो आणि संस्थेची थकबाकीही उगाच फुगलेली दिसते. ही तारीख ३१ मे करावी, असे पत्र आम्ही शाखेत दिले आहे. आवक क्रमांकाची पोच त्याच दिवशी मिळाली आणि विषय संचालक मंडळाच्या पुढील सभेत ठेवू, असे शाखाधिकाऱ्यांनी सांगितले आहे.